इंजिन कुणामुळे बंद पडलं

अल ऐन
१४ सप्टेंबर २०२४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुला फोनवर निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू तुझ्या मनाने ऐकतोस, म्हणून सविस्तर लिहायला बसले आहे. आम्ही तिघंही खुशाल आहोत हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून तुझा जीव वरखाली होईल.

गेल्या आठवड्यात ऋताला दुबईहून घेऊन येत होते. तिच्या युनिव्हर्सिटीच्या पोरांचं तिथे कसलं तरी प्रदर्शन होतं. मी गाडी चालवत होते, ती शेजारी फोनमध्ये डोकं घालून. अल ऐनच्या रस्त्यावर मधल्या लेनमध्ये असताना गाडीचं इंजिन एकाएकी बंद पडलं. ना धक्का, ना धूर. स्टिअरिंग जड झालं, पाय दाबला तरी गाडी पुढे जाईना, आणि मागून एक ट्रेलर हॉर्न वाजवत आला. कशी कोण जाणे, मी ती कडेच्या पट्टीवर घेतली. ट्रेलर इतका जवळून गेला की गाडी हलली. ऋताने तेव्हा कुठे मान वर केली आणि विचारलं, आई, व्हाय आर वी स्टॉपिंग.

थोड्या वेळाने किल्ली फिरवली तर गाडी सुरू. जणू काही झालंच नाही. घरी आल्यावर भानुदास म्हणाला, तुझा हात लागून गिअर न्यूट्रलला गेला असेल. मी म्हटलं, नाही गेला. तो म्हणाला, तू नवीन आहेस, होतं असं. दादा, मला लायसन्स किती टेस्टनंतर मिळालं हे तुला माहीत आहे, त्यामुळे यावर मला फारसं बोलता येत नाही. सनैयात, म्हणजे इथल्या गॅरेजांच्या वस्तीत, जहूरभाईंचं गॅरेज आहे. ते आपल्याकडचेच, म्हसळ्याचे. त्यांनी गाडीला कॉम्प्युटर लावला, त्यात काही निघालं नाही. पेट्रोलचा पंप असेल म्हणाले आणि पंप बदलला.

गाडी तुला आठवत असेल. शारजाच्या जुन्या गाड्यांच्या बाजारातून भानुदासने हौसेने आणलेली, अमेरिकेत वापरून इकडे आलेली. दिसायला अगदी नवी.

त्या दिवसापासून मी स्टिअरिंगला हात लावलेला नाही. हॉस्पिटलचे आणि ऑफिसांचे डबे भानुदास एकटाच पोचवतो, अर्धे उशिरा जातात. तो मला काही म्हणत नाही. पण मला रात्रंदिवस एकच प्रश्न पडला आहे, की ते मी केलं की गाडीने केलं. तू जन्मभर सांगलीच्या दूध संघात नमुने तपासलेस. दुधात पाणी गवळ्याने घातलं की म्हशीनेच पातळ दिलं, हे तू शोधून काढायचास. हे कसं शोधायचं ते सांग.

वहिनींना नमस्कार, तन्मयला आणि अंशला आशीर्वाद. माझ्यावरची माया तुझ्या तब्येतीसारखीच ठणठणीत असू दे.

तुझी,
संध्या


कोलंबस, ओहायो
२२ सप्टेंबर २०२४

चि. सौ. संध्या हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून झोप उडाली, आणि दुसऱ्या दिवशी उत्साहही आला. निवृत्त माणसाला कुणी प्रश्न विचारत नाही. विचारलं तर औषध घेतलं का एवढंच विचारतात.

प्रथम एक गोष्ट. ती गाडी तू चालवू नकोस आणि भानुदासरावांनाही चालवू देऊ नकोस. कारण पुढे लिहितो.

तू मागे गाडीच्या विम्याचे कागद पाठवले होतेस, त्यात चासी नंबर होता. तो मी इथे एका संकेतस्थळावर घातला. तन्मय म्हणाला, बाबा, कशाला उगाच. नंतर तोच खुर्ची ओढून शेजारी बसला. गाडी मूळची शेजारच्या इंडियाना राज्यातली. चार वर्षांपूर्वी मागून धडक बसून तिचा अपघात झाला. विमा कंपनीने ती मोडीत काढली, लिलावात विकली, आणि तिथून ती कंटेनरमध्ये बसून तुमच्याकडे आली. मागची बाजू ठोकून, रंगवून तुम्हाला मिळाली.

आता खरी गंमत. याच बनावटीच्या इंजिनावर इथे मोठा खटला चालू आहे. इथे अशी सोय आहे की एका माणसाने दावा लावायचा आणि तोच त्रास झालेल्या हजारो लोकांच्या वतीने तो चालवायचा. प्रत्येकाने वेगळा वकील करायला नको. या दाव्यात म्हटलं आहे की कारखान्यात इंजिनाचा दांडा कातताना धातूचा बारीक कीस आत राहून गेला. तो कीस तेलाच्या वाटा अडवतो, आतलं बेअरिंग झिजतं, आणि एखाद्या दिवशी इंजिन चालता चालता थांबतं. कंपनी म्हणते आमची चूक नाही, पण तडजोड करायला तयार आहोत. वॉरंटी वाढवून देऊ, ज्यांनी खर्च केला त्यांना भरपाई देऊ. तडजोड मंजूर करायची की नाही, ते जानेवारीत न्यायाधीश ठरवणार आहेत.

तुझ्या गाडीचा नंबर त्या यादीत आहे. पण भरपाई फक्त इथे घेतलेल्या गाड्यांच्या इथल्या मालकांना. गाडी समुद्र ओलांडून गेली की तिचा आजार यांच्या लेखी संपला. अंशला हे समजावून सांगितलं तर तो म्हणाला, दॅट्स सो डम्ब. सातवीतल्या मुलाचं मत म्हणून कळवतो.

आता नमुना तपासू. जहूरभाईंना तेल काढायला सांग. ते पांढऱ्या ताटलीत घे, उन्हात धर आणि तिरपी कर. काय दिसतं ते जसंच्या तसं लिही, तुझं मत मिसळू नकोस.

तुला आणि ऋताला आशीर्वाद, भानुदासरावांना नमस्कार. उत्तराची वाट पाहतो आहे आणि ती फार पाहायला लावू नये.

तुझा,
दादा


अल ऐन
४ ऑक्टोबर २०२४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

गाडी उभी करून ठेवली आहे, डबे टॅक्सीने जातात. तेल पाहिलं. मत न मिसळता लिहिते. इनॅमलच्या पांढऱ्या ताटलीत काळपट तेल, आणि ताटली तिरपी केली की त्यात चमक. अगदी बारीक, लग्नातल्या साडीवरून हाताला लागते तशी. जहूरभाईंनी बोट बुडवून पाहिलं. मग म्हणाले, भाभी, पंप मी उगाच बदलला. भानुदास म्हणाला, जुन्या गाडीच्या तेलात एवढं असतंच.

ते तेवढ्यावर राहिलं असतं, पण इथे दुसरंच चालू आहे. भानुदासने गाडीला गिऱ्हाईक पाहिलं. सुमैय्या म्हणून नर्स आहे, आमचा डबा घेते, माहेर दापोलीकडचं. तिचा नवरा यहया खोर फक्कानच्या बंदरात कामाला आहे. त्याला भेटायला ती दर सुटीला लहान मुलीला घेऊन बस बदलत बदलत जाते, म्हणून गाडी हवी. भानुदासने बयाणा घेतला. मी विचारलं, तिला सांगितलंस का. तो म्हणाला, काय सांगायचं, कॉम्प्युटरने पास केलेली गाडी आहे. आम्हालाही कुणी काही सांगितलं नव्हतं.

आम्ही भांडलो, दादा. ऋता आतून ओरडली, आई, जस्ट टेल हर. भानुदास तिच्यावर कधी चिडत नाही, तो चिडला. मग जेवला नाही. मी त्याला वाईट म्हणत नाही. डब्यांच्या धंद्यात गाडीवाचून आमचं चालत नाही, आणि ही विकल्याशिवाय दुसरी घेता येत नाही. पण खोर फक्कानचा रस्ता डोंगरातून जातो, लांब बोगदे आहेत. बोगद्यात गाडी थांबली तर कडेला घ्यायला जागा कुठली. ते चित्र डोळ्यांसमोरून जातच नाही.

आणखी एक. गाडी रिकामी करताना डिकीच्या तळाशी, जादाच्या चाकाखाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली मधाची बाटली सापडली. एवढ्या लोकांनी गाडी धुतली, रंगवली, पण चाक कुणी उचललं नव्हतं. लेबलवर मधमाशीचं चित्र, हॅरल्ड आणि मार्जरी अशी नावं, आणि इंडियानातल्या एका गावाचा पत्ता. फोटो सोबत आहे. दादा, ही माणसं कोण असतील? त्यांचा अपघात कसा झाला? त्यांच्याही हातात गाडी अशीच बंद पडली होती का? हे कळलं तर मला सुमैय्याशी काय बोलायचं ते कळेल असं वाटतं. की मी नुसती वेळ काढते आहे?

सगळ्यांना यथायोग्य. रागावलास तरी आपली माया आटू देऊ नकोस.

तुझी,
संध्या


कोलंबस
१९ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. संध्या हिस,
अ. उ. आ.

वेळ काढते आहेस. पण माझ्या कामाचं काढलंस.

गेल्या शनिवारी तन्मयने मला इंडियानाला नेलं. त्याने आधी फोन करून परवानगी घेतली होती. मक्याच्या कापलेल्या शेतांमधून तीन-चार तास, आणि मग एका पांढऱ्या घरासमोर हॅरल्ड स्वतः उभे. वय अठ्ठ्याहत्तर, उंच, माझ्यासारखंच एका कानाने कमी ऐकणारे, त्यामुळे आम्ही दोघं मोठ्याने बोलत राहिलो आणि तन्मय लाजत राहिला. मार्जरीबाई काठी टेकत चालतात. त्यांचा पाय जाता जाता वाचला, तो तुझ्याच गाडीत.

त्यांची हकीकत अशी. चार वर्षांपूर्वी दुपारच्या वेळी ते दोघं हायवेवरून येत होते. हॅरल्ड चालवत होते. गाडी मंद होत होत थांबली आणि मागून ट्रक आदळला. हॅरल्ड म्हणाले, इंजिन आपोआप बंद पडलं. पण गाडी ओढून नेल्यावर इंजिन पहिल्या फटक्याला सुरू झालं. पोलिसांच्या अहवालात लिहिलं गेलं की चालकाला झोप लागली. मुलाने किल्ल्या काढून घेतल्या. आणि संध्या, सगळ्यांत वाईट म्हणजे, हळूहळू त्यांनाही ते पटलं. लोक इतक्या प्रेमाने सांगत होते, की आपल्याला झोप लागलीच असेल असं धरून चाललो, असं ते म्हणाले. बायकोच्या काठीचा आवाज आला की ते अजून खाली बघतात. मधमाशांच्या पेट्या नदीपलीकडच्या शेतात होत्या, तिथे जाणं थांबलं, पेट्या विकल्या. तडजोडीची नोटीस त्यांना आली होती. आपण झोपलो होतो, आपला काय संबंध, म्हणून ठेवून दिली.

मी त्यांना सांगितलं, की त्याच गाडीत माझी धाकटी बहीण जागी होती. त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली.

मग त्यांनी मला, इंजिन बंद पडण्याआधी काय काय झालं, ते सांगितलं. चार वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. ते काय म्हणाले हे मी तुला मुळीच सांगणार नाही. तुझ्या पहिल्या पत्रात तू फक्त बंद पडल्यानंतरचं लिहिलं आहेस, ते फार बरं झालं. आता आधीचं लिही. काय ऐकलंस, काय दिसलं, काय जाणवलं, क्रमाने. आठवत नसेल तर आठवत नाही असं लिही. दोन नमुने एकमेकांत मिसळले की तपासणी फुकट जाते.

सुमैय्याबद्दल मी सल्ला देत नाही. तू मला तो विचारलेला नाहीस, आणि तुला तो नकोही आहे.

उलट टपाली, म्हणजे हल्लीच्या भाषेत लगेच, उत्तर दे. भानुदासरावांवर फार डाफरू नकोस.

तुझा,
दादा


अल ऐन
२३ ऑक्टोबर २०२४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

क्रमाने लिहिते.

दुबई मागे पडल्यानंतर थोड्या वेळाने आवाज सुरू झाला. टिक टिक नाही. रिकाम्या स्टीलच्या डब्यावर नखांनी वाजवावं तसा. वेग वाढवला की भराभर, पाय उचलला की जवळजवळ नाही. मी घरी हे भानुदासला सांगितलं होतं. मागे डबे असतील, तेच वाजले असतील, असं तो म्हणाला आणि मलाही ते खरं वाटलं, म्हणून तुला लिहिलं नाही. पण त्या दिवशी मागे डबे नव्हते. मग आवाज एकदम थांबला. मला बरं वाटलं, हे आठवतं. त्यानंतर एसीची हवा गरम यायला लागली, मी ऋताला बटण बघायला सांगितलं, तिने ऐकलं नाही. आणि मग समोरचे सगळे दिवे एकदम लागले, लाल-पिवळे, देवघरातल्या माळेसारखे. दिवे आधी, स्टिअरिंग जड होणं नंतर. बस. वास आला का ते आठवत नाही.

दुसरं. मी सुमैय्याला सांगितलं. डबा द्यायला स्वतः गेले आणि हॉस्पिटलच्या बाहेर झाडाखाली उभी राहून सगळं सांगितलं, तेलाच्या चमकीपासून. तिने डबा खाली ठेवून ऐकलं. मग विचारलं, भाभी, दुरुस्त होईल का. मी म्हटलं, मला माहीत नाही. ती म्हणाली, तर मग राहू दे, इन्शाल्ला दुसरी मिळेल. डबा घेऊन आत गेली, आणि परत येऊन मला मिठी मारून गेली.

भानुदासने बयाणा परत केला. माझ्याशी बोलत नाही. म्हणजे मीठ दे, चाव्या कुठे आहेत, एवढं बोलतो. जहूरभाई म्हणतात, शारजाच्या भंगारातून दुसरं इंजिन आणून बसवू, जुनं इंजिन तेच लोक बदल्यात घेऊन जातील. भानुदास हो म्हणणार आहे. पण मग हे इंजिन गेलं, दादा. ते गेलं की तुझ्या हॅरल्डकडे काय उरणार? मी हे भानुदासला बोलले. तो उठून डबे घासू लागला.

काय निघालं ते लवकर कळव. इथे माझं कशातच लक्ष नाही, काल वरणात दोनदा मीठ घातलं आणि हॉस्पिटलच्या सगळ्यांनी फोन केले. तुझी माया मात्र खारट होऊ देऊ नकोस.

तुझी,
संध्या


कोलंबस
३ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. संध्या हिस,
अ. उ. आ.

नमुने जुळले.

हॅरल्ड म्हणाले होते, कुणी खिळ्याने पत्र्याच्या बादलीवर वाजवत असावं तसा आवाज, वेगाबरोबर वाढणारा. मग शांतता. मग सगळे दिवे. मग स्टिअरिंग. गरम हवेचं त्यांना आठवत नव्हतं, तो थंडीचा महिना होता आणि गाडीतला हीटर चालू होता. शांत झाल्यावर बरं वाटलं, हे मात्र त्यांनीही सांगितलं होतं, तुझ्याच शब्दांत म्हणावं इतकं.

मी तुझं पत्र त्यांना जाऊन वाचून दाखवलं, एकेक वाक्य इंग्रजी करून. देवघरातली माळ समजावताना माझी त्रेधा उडाली. वाचून झाल्यावर हॅरल्ड उठून खिडकीपाशी गेले. मार्जरीबाई बोलू लागल्या. त्या म्हणाल्या, मी हॉस्पिटलमध्ये सांगत होते की हा शेवटपर्यंत माझ्याशी बोलत होता. पण माझ्या डोक्याला मार होता, म्हणून ते कुणी लिहून घेतलं नाही. नंतर मी सांगायचं सोडलं, कारण हा स्वतःच नको म्हणायला लागला.

मालकांच्या बाजूच्या वकिलांपैकी कशफ नावाची एक तरुण मुलगी आहे. तिला आम्ही फोन केला. ती स्पष्ट बोलते. पोलिसांचा अहवाल बदलणं या कोर्टाच्या हातात नाही, म्हणाली. तुला या तडजोडीतून काही मिळणार नाही, तेही सांगितलं. पण ज्या मालकांच्या वतीने दावा आहे त्यांत हॅरल्ड येतात, त्यामुळे आधी कळवलं तर जानेवारीच्या सुनावणीत त्यांना उभं राहून बोलता येईल. नुसता आवाज सारखा होता एवढ्यावर कंपनीचे वकील हसतील, इंजिन उघडून पाहिलं असेल तर बोलण्याला वजन येईल.

मी भानुदासरावांना यात काही सांगू शकत नाही. गाडी त्यांची, धंदा त्यांचा. हे पत्र तू त्यांना वाचायला दिलंस तर माझी हरकत नाही.

ऋताला म्हणावं, प्रवासात आईचं ऐकत जा. तुम्हा सर्वांना आशीर्वाद, आणि मनात असू द्या.

तुझा,
दादा


अल ऐन
१८ नोव्हेंबर २०२४

ती. देवदत्तराव यांस,
सा. न. वि. वि.

मी पत्र लिहीत नाही हे आपण जाणताच. ऑर्डर आणि बिलं सोडून मराठीत लिहायची सवय मोडली आहे. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

आपलं पत्र संध्याने टेबलावर ठेवलं होतं. मी वाचलं. परवा शनिवारी जहूरभाईंकडे इंजिन उघडलं. ते मला म्हणाले, भानुभाई, उघडलं की बदल्यात कुणी घेणार नाही, खलास, कशाला उघडता. मी म्हटलं, उघडा. दिवसभर तिथेच उभा होतो. डबे ऋताने टॅक्सीने पोचवले. पहिल्यांदाच केलं तिने, तक्रार केली नाही.

तेलाच्या वाटेत कीस अडकलेला होता. एक बेअरिंग झिजून आतलं तांबं दिसत होतं, आणि ते ज्या दांड्यावर बसतं तिथे लोखंड तापून निळं पडलं होतं. जहूरभाई म्हणाले, हे एका दिवसाचं काम नाही, वर्षानुवर्षांचं आहे. थंड झाल्यावर सुरू व्हायचं, तापल्यावर अडकायचं. फोटो पाठवतो आहे. प्रत्येक फोटोत इंजिनाचा नंबर दिसेल असं धरलं आहे, संध्याने सांगितलं तसं. जहूरभाईंनी त्यांच्या गॅरेजच्या कागदावर इंग्रजीत लिहून सही-शिक्का दिला आहे.

त्या दिवशी रस्त्यावर संध्याने गाडी बरोबर सांभाळली. ट्रेलर मागे असताना इंजिन बंद पडलेली गाडी कडेला घेणं मला जमलं असतं का सांगता येत नाही. हे मी तिला सांगितलं आहे. आपणही थोरले आहात, म्हणून आपल्यालाही लिहून ठेवतो.

हॅरल्डसाहेबांना माझा नमस्कार सांगावा. आणखी काही लागलं तर कळवावं. कृपा असू द्यावी.

आपला,
भानुदास


कोलंबस
२६ जानेवारी २०२५

चि. सौ. संध्या व श्री. भानुदासराव यांस,
अ. उ. आ. व नमस्कार.

दोघांना मिळून लिहितो. सुनावणी झाली.

शिकागोचं कोर्ट, विसाव्या की एकविसाव्या मजल्यावर, बाहेर बर्फ. हॅरल्ड कोट घालून आले होते, मार्जरीबाई काठी घेऊन, आणि त्यांना घेऊन आलेला त्यांचा मुलगा, किल्ल्या काढून घेणारा तोच. तो माझ्याशी हात मिळवून बाजूला बसला. मी आणि तन्मय मागच्या बाकावर. सकाळभर वकील बोलत होते. किती गाड्या, किती वर्षांची वॉरंटी, वकिलांची फी. माझं यंत्र कानात नीट बसत नव्हतं, तन्मय चिठ्ठीवर लिहून देत होता. मग न्यायाधीश बाईंनी विचारलं, की मालकांपैकी कुणाला बोलायचं आहे. दोघं-तिघं बोलले, भरपाई कमी आहे म्हणाले. मग हॅरल्ड.

ते म्हणाले, माझी तक्रार नाही. माझ्या कागदावर लिहिलं आहे की मी झोपलो होतो. मी जागा होतो. तीच गाडी माझ्यानंतर वाळवंटात एका बाईच्या हातात तशीच थांबली, आणि तिच्या नवऱ्याने ते इंजिन उघडून पाहिलं. त्यांनी फोटो वर धरले. कंपनीचे वकील लगेच उठले. परदेशातल्या गॅरेजचे फोटो, हा पुरावा होऊ शकत नाही, म्हणाले. न्यायाधीश बाई म्हणाल्या, मी ते पुरावा म्हणून घेत नाहीये, हे गृहस्थ बोलत आहेत आणि मी ऐकते आहे. मग त्यांनी हॅरल्डना विचारलं, गाडी थांबली तेव्हा तुम्ही काय करत होतात. हॅरल्ड म्हणाले, बायको विचारत होती की कुठल्या पेट्या शेताच्या उतारावर हलवायच्या, आणि मी तिला सांगत होतो की पूर्वेकडच्या. तुम्हाला कोर्टाकडून काय हवं आहे, असं बाईंनी विचारलं. ते म्हणाले, काही नको, हे सगळं टाइप होतं ना, ते व्हावं एवढंच. समोर बसलेल्या टायपिस्टने वर पाहिलं आणि मान हलवली.

एवढंच झालं. तडजोड मंजूर होईल असं कशफ म्हणते. हॅरल्डनी भरपाईचा अर्ज भरलेला नाही, तिने पुष्कळ आग्रह केला.

खाली पार्किंगमध्ये त्यांच्या मुलाने गाडीची किल्ली काढून वडिलांपुढे धरली. मी आणि तन्मय उगाच दुसरीकडे बघत उभे राहिलो. हॅरल्डनी ती घेतली, हातात जराशी खेळवली, आणि परत दिली. ते म्हणाले, त्या दिवशी मी जागा होतो. पण आता एकोणऐंशीचा झालोय, बर्फावर मला नीट दिसत नाही. आता मी थांबतो. मग पुढच्या सीटवर बसले. मार्जरीबाई माझ्याकडे बघून हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या, दोन्ही एकदम.

संध्या, तुझं आता काय चाललं आहे ते लिही. गाडीचं काय केलंत? इथे अंशसकट सगळे विचारतात.

सर्वांना आशीर्वाद. पत्रं थांबवू नका, नाहीतर मला पुन्हा कुणी काही विचारणार नाही.

तुमचा,
दादा


अल ऐन
१६ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी मोठ्याने वाचलं. भानुदास भाजी चिरत होता, हॅरल्डच्या बोलण्यापाशी त्याची सुरी थांबली. किल्लीच्या ठिकाणी मी कागद ऋताकडे दिला, पुढचं तिने वाचलं. अडखळत, पण मराठीत.

इथे आम्ही स्वस्थ बसलो नव्हतो. जहूरभाईंनी गॅरेजवाल्यांना विचारलं, तर अशाच आणलेल्या बऱ्याच गाड्या निघाल्या. इथे तुमच्यासारखी सगळ्यांचा मिळून एक दावा अशी सोय नाही, ज्याने त्याने आपली तक्रार करायची. म्हणून आम्ही ठरवून एकाच दिवशी ग्राहक तक्रारींच्या कचेरीत गेलो, प्रत्येकाच्या हातात आपापला अर्ज. एक अबुधाबीचे बँकवाले, एक केरळी मास्तर, दोन अरब पोरं. ज्यांनी गाड्या आणून विकल्या ते म्हणतात, जशी आहे तशी विकली. कंपनीचे इथले लोक म्हणतात, गाडी आम्ही आणलेली नाही. पण मागच्या आठवड्यात त्यांनी कळवलं, की नंबर घेऊन या, इंजिन तपासून देऊ. तपासण्यापुरतंच. सुमैय्याने एक गाडी पाहिली होती, ती तिने आधी तपासून घेतली आणि नको म्हणाली. तिला आता दुसरी मिळाली आहे.

आमच्या गाडीचं विचारतोस. तिला चांगलं गिऱ्हाईक आलं होतं. एक व्यापारी अशा बंद गाड्या गोळा करतो आणि आणखी पुढे पाठवतो, कुठे ते सांगत नाही. त्याला उघडलेल्या इंजिनासकट सगळी गाडी हवी होती. तो म्हणाला, तिकडे सगळं जोडून चालवतात, हबीबी, तुम्ही कशाला काळजी करता. भंगारवाला देत होता त्याच्या कितीतरी पट देत होता. मी काहीच बोलले नाही, दादा, खरंच नाही. भानुदासने त्याला चहा पाजला आणि नाही म्हणून सांगितलं.

काल आम्ही दोघं भंगारवाल्याच्या आवारात गेलो. भानुदासने त्याला अट घातली होती की आमच्या डोळ्यांसमोर करायचं. त्यांनी इंजिन जमिनीवर ठेवलं आणि गॅसच्या ज्योतीने मधोमध कापलं. वेळ लागला. ठिणग्या उडत होत्या, आम्ही लांब उभे होतो. ते दोन तुकडे झाल्यावर भानुदास जवळ गेला, वाकून पाहिलं, आणि माणसाला म्हणाला, अजून एकदा काप.

डब्यांसाठी आम्ही भाड्याची व्हॅन घेतली आहे. येताना तो नेहमीसारखा ड्रायव्हरच्या दाराशी गेला, थांबला, आणि वळसा घालून दुसऱ्या बाजूने बसला. पट्टा लावला. मी चढले. आवाराच्या फाटकातून बाहेर पडताना त्याने विचारलं, आतल्या रस्त्याने जायचं की हायवेने.

मी म्हटलं, हायवेने.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. आपण बहीण-भाऊ असेच एकमेकांना प्रश्न विचारत राहू या.

तुझी,
संध्या